दत्तक द्यायचं पिलू
(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि लातूरकर मंडळी,

रस्त्यावरचं कुत्र्याचं पिलू घरी सांभाळून दत्तक देण्याजोगं कसं करायचं, असा विषय पत्रिकेत छापला आहे. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी मनात फार दिवस साचलेली एक गोष्ट मोकळी करू द्या.

पिलू द्यायचं आहे असं कळलं की फोन सुरू होतात. वय किती, खातं काय, आजारी आहे का, हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "नर आहे का?" मादी आहे म्हटलं की "बघतो, कळवतो." कळवत कुणीच नाही.

संत नामदेवांची कोरडी पोळी घेऊन एक कुत्रं पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. नरसी आपल्या हिंगोली जिल्ह्यातली, त्यामुळं ही कथा आपल्याला पाठ. इतकी वर्षं कीर्तनात ऐकतोय, पण ते कुत्रं नर होतं की मादी, हे बुवांना विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. (हशा)

मागच्या उन्हाळ्यात आडत बाजाराच्या बाजूला, तुरीच्या पोत्यांच्या थप्पीआड तीन पिलं सापडली. आई ट्रकखाली गेलेली. डोळे उघडलेले, पण चालताना मागचे पाय घसरायचे, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांची. पांढऱ्या फडक्यावर ठेवली तर फडक्यावर पिसवांचे काळे ठिपके. दोन नर, एक मादी. नरांना घरं लगेच ठरली. राहिली ती मादी, आणि तिघांत खरी धीट तीच होती. कुकरची शिट्टी झाली की भाऊ बाजेखाली घुसायचे. ही मान तिरपी करून स्वयंपाकघराकडं बघत बसायची.

शेवटी औशाकडचे एक शेतकरी आले. म्हणाले, "ताई, राखणीला कुत्रं पायजे, पण मादी नको. भादव्यात गावभरची कुत्री गोळा होत्यात, पिकात धिंगाणा. वर पिलं झाली की कुठं नेऊन टाकू?"

त्यांची अडचण खोटी नाही. मादी नको म्हणणाऱ्याला निर्दयी ठरवून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते एका शस्त्रक्रियेत आहे. साधारण सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांच्या सल्ल्यानं गर्भाशय आणि बीजांडं काढायची. मग माज नाही, पिलं नाहीत, आणि पुढं गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. आपल्याकडं परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, चौकशी तिथं करता येते. त्यांनी विचारलं, "मग राखण करंल का?" मी म्हटलं, "दादा, राखण गर्भाशयात नसते." (हशा) त्यांनी घरी फोन लावला. पलीकडून वहिनींनी एकच विचारलं, "शेळ्या-कोंबड्यांच्या मागं लागणार नाही ना?"

बघा, पत्रिकेवरच्या विषयाचा गाभा त्या वहिनींच्या प्रश्नात आहे. आणि नेमकी आता वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली! तर झरझर सांगते.

पिलाचं मन घडतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. या काळात जे निर्धास्तपणे बघितलं, त्याची भीती पुढं कमी राहते. म्हणून सांभाळणाऱ्यानं पिलू खोलीत कोंडून जपू नये. शेळी, कोंबडी, ट्रॅक्टर, फेटेवाले आजोबा, रांगणारं लेकरू, पोळ्याचा ताशा, सगळं दाखवायचं. आधी लांबून, उकडलेल्या अंड्याचा तुकडा देत, मग हळूहळू जवळून. रोज एकेक पंजा हातात घेऊन बोटं दाबायची, कान उघडून बघायचे, म्हणजे दवाखान्यात चावणार नाही. ती मादी शेजारच्या शेळ्यांच्या गोठ्यात रोज माझ्या कडेवर बसून जायची, म्हणून वहिनींना मी छातीठोक उत्तर देऊ शकले.

कडेवर का? कारण लसी पुऱ्या झालेल्या नसतात. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, रक्ताची हगवण लावतो आणि दोन-तीन दिवसांत पिलू नेतो. जिथं अनोळखी कुत्री फिरतात तिथं पिलू खाली सोडायचं नाही. फरशीला नुसत्या फिनाइलचा भरवसा धरू नका. ब्लीचचं एक माप, पाणी तीस मापं. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. जंताचं औषध वजन करूनच. गुरांचं गोचिडाचं औषध पिलाला चोळू नका, विषबाधा होते. आणि आई जिवंत असेल तर आठ आठवड्यांच्या आत तोडू नका. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे पिलू भावंडांत खेळताना शिकतं.

ज्याला द्यायचं त्याचं घर आधी बघून या. पाणी कुठं ठेवणार, मे महिन्यात दुपारी सावली कुठली, रात्री कुठं झोपणार, हे जागेवर उभं राहून विचारा. सोबत लसीचं कार्ड, चार दिवसांचं नेहमीचं खाणं आणि त्याच्या अंथरुणातलं न धुतलेलं फडकं द्या. पहिल्या रात्री ते रडणार, हे आधीच सांगून ठेवा. आणि नाहीच जमलं तर परत माझ्याकडं आणा, हे दोनदा बजावा. पाळलेलं जनावर रस्त्यावर सोडणं प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेही सांगा.

शस्त्रक्रियेचं आणखी बोलायला वेळ पुरला नाही. मागं उभ्या असलेल्या मावशींनी मघापासून हात वर केलाय. मावशी, विचारा.