दुरंगी नक्षीचा कार्डिगन

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात स्वेटर कशाला लागतो, असं विचारणाऱ्यांनी एकदा ऐरोलीच्या किंवा महापेच्या ऑफिसात एसीखाली दिवसभर बसून पाहावं. पुढून उघडा, हवा तेव्हा उतरवता येणारा कार्डिगन तिथे फार उपयोगी पडतो. आज बोलूया दुरंगी नक्षीच्या कार्डिगनबद्दल. सुलट-उलट टाके येत असतील, तर हा जमेल.

स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आयल नावाचं छोटं बेट आहे, त्याच्या नावाने ही विणकामाची पद्धत ओळखली जाते. कपड्यात रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच चालवायचे. ज्या रंगाची पाळी नसेल, त्याचा धागा मागून आडवा जातो. त्यामुळे नक्षीच्या भागात कापड दुहेरी होतं. तिथल्या वाऱ्यात ते हवंच असतं, आपल्याकडे मात्र जीव घुसमटेल. म्हणून नक्षी खालच्या पट्ट्यात आणि छातीवर ठेवा, बाकी अंग एकरंगी विणा.

लोकर निवडताना एक लक्षात घ्या. खऱ्या लोकरीला लव असते, टाके एकमेकांना धरून राहतात, आणि ओली करून पसरली की लहानसहान सुरकुती निघून जाते. अ‍ॅक्रिलिक असं सावरून घेत नाही, आणि इस्त्री लावली तर कायमचं लुळं पडतं. अंगाला चालत असेल, तर बारीक खरी लोकरच घ्या. सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले हवेत. दोन रंग एकमेकांवर उठून दिसतात की नाही, हे मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा. दोन्ही रंग सारखेच करडे दिसले, तर नक्षी उठणार नाही.

आता माप. आधी नक्षीचाच तुकडा विणा, तोही गोल, म्हणजे कार्डिगनसारखाच नळीच्या आकारात, कारण साधा तुकडा खोटं माप देतो. समजा 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसले. छाती 92 असेल, तर 10 सेंटीमीटर सैलपणा धरून 102, म्हणजे 224 टाके. नक्षी 8 टाक्यांची असेल तर ती बरोबर 28 वेळा येते. वर एक टाका जादा घ्या, म्हणजे पुढच्या दोन्ही कडांना नक्षी सारखी संपते. हात घट्ट पडून 22 च्या जागी 24 टाके बसले, तर तोच कार्डिगन 93 सेंटीमीटरचा होईल आणि बटणं ताणली जातील. म्हणूनच नक्षीला एकरंगी भागापेक्षा जाड सुई लागते: बॉर्डर 10 नंबरवर, एकरंगी भाग 9 वर, नक्षी 8 वर. आपल्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं.

सगळं बिघडतं ते मागच्या धाग्यात. तो ओढला गेला की पुढून कापड चुणतं. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरा आणि मगच नवा धागा घ्या, तो आपोआप पुरेसा लांब जाईल. पाच टाक्यांपेक्षा लांब उडी असेल, तर मध्ये एकदा दुसऱ्या धाग्याखाली अडकवा. मात्र लागोपाठच्या ओळींत एकाच जागी अडकवू नका, पुढे उभी रेघ दिसते. नक्षीचा धागा कायम खालून आणि जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या रंगाचा, वरून चालवा. खालचा धागा थोडा मोठा टाका देतो, तेव्हा अधेमधे अदलाबदल झाली की नक्षी कुठे ठळक, कुठे पुसट होते.

कार्डिगन गोल विणला तर दोन रंगांत उलट टाके घालावे लागत नाहीत. पुढच्या मध्यावर 7 जादा टाके घ्या, ते मापात धरू नका. शेवटी त्यांच्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना मशीनवर बारीक, दुहेरी टीप मारा आणि मधोमध कापा, म्हणजे कार्डिगन पुढून उघडतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर टीप चुकवू नकाच, धागा निसटतो.

बटणपट्टीसाठी दर 4 ओळींमागे 3 टाके उचला. चारही उचलले तर पट्टी लाटेसारखी होते. बायकांच्या कार्डिगनला बटणं डावीकडे, काजं उजवीकडे. आधी बटणांची पट्टी पुरी करा, बटणांच्या जागा पिनांनी खुणवा, आणि काजं त्या मापाने पाडा.