गुरुवार, दुपारी बारा : स्कॉटलंडच्या संसदेतली उलटतपासणी

मंडळी, लंडनच्या पार्लमेंटात दर बुधवारी पंतप्रधानांना घेरतात. तो गलका तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. मी बोलणार आहे ते दुसऱ्या दिवशी, एडिनबरात काय होतं त्याबद्दल. गुरुवारी दुपारी बारा वाजता स्कॉटलंडच्या संसदेत फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्रीच म्हणा, उभे राहतात आणि साधारण पाऊण तास सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

ही संसद तशी तरुण. १९९७ च्या सप्टेंबरात सार्वमत झालं, १९९९ साली पहिली निवडणूक झाली आणि १२९ सदस्य बसले. हॉलिरूड भागातली आजची इमारत २००४ साली उघडली. सुरुवातीला जास्तीत जास्त चार कोटी पौंड लागतील असा अंदाज होता, शेवटी खर्च गेला एक्केचाळीस कोटींवर. आपल्याकडच्या पुलांच्या अंदाजपत्रकांची आठवण झाली ना? होऊ द्या. आत सदस्य अर्धवर्तुळात बसतात. लंडनसारखे समोरासमोर बाक नकोत, म्हणजे भांडणं कमी होतील, अशी आशा होती. बाकांचा आकार बदलला, भांडणं मात्र राहिली.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या राज्यांचे अधिकार राज्यघटनेत लिहिलेले आहेत. स्कॉटलंडचे अधिकार आले ते लंडनने १९९८ साली केलेल्या कायद्यातून. आरोग्य, शाळा, पोलीस, न्यायव्यवस्था एडिनबराकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, इमिग्रेशन हे विषय लंडनने राखून ठेवले. उत्तर देणाऱ्यासाठी हॉलिरूडमधली सगळ्यात मोठी पळवाट इथूनच निघते.

समजा, विरोधी नेत्याने विचारलं की शस्त्रक्रियेसाठी लोक इतके महिने ताटकळत का बसलेत? आरोग्य खातं तर एडिनबराचंच, सुटका नाही. तरी उत्तर येतं की लंडनने आमच्या निधीला कात्री लावली. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावा असं म्हणणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी २००७ साली एडिनबरात सत्तेवर आली. पुढे २०१० ते २०२४ लंडनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान होते. त्यामुळे हॉलिरूडमधला कॉन्झर्व्हेटिव्ह नेता उठला की ‘आधी तुमच्या लंडनच्या साहेबांना विचारा’ हे उत्तर तयारच असायचं. २०२४ च्या जुलैत लंडनला मजूर पक्ष आला, तेव्हा तेच उत्तर मजूर पक्षाच्या नेत्याकडे वळलं. विरोधकही काही साधे नाहीत. जे खरोखर लंडनमुळे अडलंय, त्याचंही खापर ते एडिनबराच्या डोक्यावर फोडतात. सरकारं दोन असल्यामुळे दोषाला कायम दुसरं घर सापडतं.

दुसरी कटकट सत्ताधारी बाकांवरच्या प्रश्नांची. ‘फर्स्ट मिनिस्टर माझ्याशी सहमत आहेत का, की आपल्या सरकारने उत्तम काम केलं आहे?’ हा प्रश्न नव्हे, हा हार घालणं झालं! आपल्या विधानसभेत तारांकित प्रश्नांचं कामकाज ज्यांनी पाहिलंय त्यांना ही जात ओळखीची वाटेल.

मग एवढा खटाटोप कशाला? माझं मत सांगतो. त्या पाऊण तासात उत्तर मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे. तिथे मिळतं ते विधान. मोठ्या पक्षांच्या नेत्यांना विषय आधी कळवावा लागत नाही, त्यामुळे फर्स्ट मिनिस्टरना जाड फाईल घेऊन बसावं लागतं, आणि जे तोंडातून निघेल ते अधिकृत कार्यवृत्तात छापलं जातं. तिथल्या मंत्र्यांच्या आचारसंहितेनुसार सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर राजीनामा देणं अपेक्षित आहे. नकळत चूक झाली तर ती लवकरात लवकर दुरुस्त करायची.

२०१२ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड यांनी कॉलेजांच्या निधीबद्दल चुकीचा आकडा दिला. सॅमंड म्हणजे वादात हार न जाणारा गडी. पण त्यांना त्याच दिवशी सभागृहात परत येऊन माफी मागावी लागली. समोरच्याने त्यांना वक्तृत्वात हरवलं नव्हतं. आकडा बोलून झाला होता, आणि तो तपासता येत होता.

त्याआधीचं, २००१ चं प्रकरण तर याहून बोलकं. हेन्री मॅक्लीश फर्स्ट मिनिस्टर होते. पूर्वी लंडनला खासदार असताना त्यांनी मतदारसंघातल्या कार्यालयाची जागा पोटभाड्याने दिली होती, आणि तो हिशेब नीट कळवला नव्हता. गोंधळ झाला, लबाडी नाही, असा त्यांचा बचाव. रक्कम डोळे फिरावेत इतकी मोठी नव्हती, पण प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न फुटत गेला आणि नोव्हेंबरात ते पायउतार झाले. त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते कॉन्झर्व्हेटिव्ह नेते डेव्हिड मॅक्लेची. चार वर्षांनी, २००५ साली, स्कॉटलंडचा माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला. मॅक्लेचींनी संसदेच्या खर्चात लावलेल्या टॅक्सीच्या बिलांचा तपशील बाहेर आला, आणि त्यांनाही नेतेपद सोडावं लागलं.

सज्जातली जनताही कधीकधी यात उतरते. मार्च २०२३ मध्ये नवे फर्स्ट मिनिस्टर हम्झा युसुफ पहिल्यांदा उत्तरं द्यायला उभे राहिले, तेव्हा आंदोलकांनी इतक्या वेळा अडथळा आणला की सज्जा रिकामा करावा लागला. शाळेच्या सहलीवर आलेल्या मुलांना तेवढं परत आत घेतलं. युसुफ यांच्यासमोर मजूर पक्षाकडून होते अनस सरवर. दोघेही ग्लासगोचे, दोघांचीही मुळं पाकिस्तानात, दोघेही एकाच शाळेतले. लाहोर-कराचीच्या वर्तमानपत्रांना बातमी मिळाली ती याची. प्रश्न मात्र इस्पितळांचे आणि बेटांवर जाणाऱ्या प्रवासी बोटींचेच होते.

तुमच्यापैकी कोणाला खरंच पाहायचं असेल, तर गुरुवारच्या जोडीने आणखी एक बैठक पाहा. संसदेच्या समित्यांचे अध्यक्ष वर्षातून दोनदा फर्स्ट मिनिस्टरना एकत्र बोलावून प्रश्न विचारतात. तिथे बाकं वाजत नाहीत, बातम्याही फारशा होत नाहीत. पण एकच माणूस एकाच विषयावर तीन-चार उपप्रश्न सलग विचारतो, आणि ‘लंडनला विचारा’ हे उत्तर दुसऱ्या उपप्रश्नापर्यंत टिकणं अवघड जातं.