पत्र आलं का? मग बॉक्स बांधा!

नमस्कार मंडळी. आम्ही जुन्या शिलाई मशिनी आफ्रिकेला पाठवल्या त्याचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा: "ताई, आफ्रिकेला सामान कसं पाठवायचं?" बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून. चला, सांगून टाकते.

सोपं आधी उरकते. संस्थेच्या नावानं आयईसी कोड काढा, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर. कस्टमचे कागद करून देणारा क्लिअरिंग एजंट धरा, माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातो. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर माल मावतो. आपला एवढा कुठला? मग दुसऱ्यांच्या मालाबरोबर जातो, त्याला एलसीएल म्हणतात. लाकडी पेटी असली तर लाकूड 56 अंशांवर 30 मिनिटं तापवल्याचा शिक्का पाहिजे. फळमार्केटातली खोकी आणू नका ओ. झालं.

आता खरं दुखणं. बॉक्स बांधायच्या आधी तिकडच्या संस्थेचं पत्र हातात पाहिजे. आधी! त्यात काय पाहिजे, किती पाहिजे ते लिहिलेलं असावं, आणि त्यांच्या सरकारनं या मालावरचा कर माफ केल्याचा कागद सोबत असावा.

आम्ही पहिल्यांदा मलावीला माल पाठवला. त्या देशाला समुद्रच नाही. माल मोझांबिकच्या बैरा बंदरात उतरून पुढं ट्रकनं जातो. कागद काय, मागनं येईल म्हटलं. माल पोचला, कागद नाही. गोदामाचं भाडं रोज चढतंय आणि इकडं आम्ही नऊजण एकमेकांची तोंडं बघतोय. शेवटी भिशीचे पैसे घातले. जुन्या मशिनींच्या किमतीएवढं भाडं!

एका दादांची कमेंट आहे, "फुकट देताय, मग कर कसला?" दादा, कस्टमला फुकट-बिकट कळत नाही. यादीत किंमत शून्य लिहिली की ते आधी तेच बॉक्स उघडणार. जुन्या मशिनीची जी काय वाजवी किंमत असेल ती लिहायची. माफी त्यावरच्या कराला मिळते, आणि ती मागायची त्यांनी. आपण इथं बेळगावात टिळकवाडीत बसून नाही. म्हणून पत्र!

आणि पत्र नुसतं करासाठी नाही. 2019च्या महापुरात मी चिकोडीकडं मामाच्या गावी होते. समाजमंदिरात जुन्या कपड्यांचा हा ढीग. एका पायाची चप्पल, फाटकी जरीची साडी, कुणाचातरी लग्नातला कोट. मामी म्हणाली, "त्यापेक्षा एक पातेलं दिलं असतं की गं कुणी." तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जुने कपडे तर पाठवूच नका. तिकडं जुन्या कपड्यांचे बाजारच्या बाजार आहेत. केनियात त्यांना मितुंबा म्हणतात, मलावीत काउंजिका. रवांडानं 2016 मध्ये त्यांच्यावरचा कर किलोमागं 20 सेंटवरून अडीच डॉलर केला, स्वतःचा कापडधंदा वाचवायला. आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या विणकरांना विचारा, त्यांना लगेच कळेल.

आणखी एक कमेंट: "आधी आपल्या खानापूरच्या सिद्दी लोकांना द्या, त्यांचे पूर्वज आफ्रिकेचेच." द्या की, कोण नको म्हणतंय? पण तिथंही आधी जाऊन विचारा. पूर्वज आफ्रिकेचे म्हणून गाठोडं नेऊन टाकायचं, असं नाही. आपलीच माणसं आहेत ती.

हे बघा. [पट्टा कॅमेऱ्यासमोर] पायाच्या मशिनीचा चामडी पट्टा. ही आकडी. वापरून सैल झाला की थोडासा कापायचा, भोक पाडायचं, आकडी परत अडकवायची. असं दोन-तीनदा चालतं, मग नवा लागतो. आम्ही दहा मशिनी पाठवणार होतो, पट्टे शून्य. दुसऱ्या खेपेला पत्र आलं त्यात लिहिलं होतं: मशिनी सहाच द्या, पट्टे वीस द्या, सोळा नंबरच्या सुया द्या, आणि विजेवरचं काही नको. आम्हाला हे सात जन्मात सुचलं नसतं.

विजेवरचं नको म्हटलं तरी आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मिक्सर आणून ठेवलाच. मलावीत सॉकेट इंग्लंडसारखं, तीन चपट्या पिनांचं. आपली गोल पिन त्यात जात नाही. काकू, व्हिडिओ बघत असाल तर मिक्सर आमच्या कॉटखाली आहे. रविवारी येऊन घेऊन जावा. भांडी दोनच आहेत, चटणीचं तुमच्याकडंच राहिलंय.