निकेलचा तुकडा आणि इलेक्ट्रॉनची वाट

१९२५ साल, न्यूयॉर्क. क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर हे दोन भौतिकशास्त्रज्ञ काचेच्या निर्वात नळीत निकेलच्या एका तुकड्यावर इलेक्ट्रॉन सोडतायत आणि ते आपटून कुठल्या कोनात किती उडतात ते मोजतायत, आणि अचानक शेजारची द्रवरूप हवेची बाटली फुटते. नळी तडकली, हवा आत शिरली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइडचा थर चढला. झालं, इतक्या दिवसांची मेहनत वाया.

त्यांनी तुकडा टाकून दिला नाही. थर घालवायला तो खूप तापवला, बराच वेळ तापवला, आणि परत प्रयोग लावला तर आकडे पार वेगळे! नळी फोडून बघितलं तेव्हा कळलं, की आधी त्या निकेलमधे असंख्य बारीक बारीक स्फटिक होते, वाट्टेल त्या दिशांना तोंड केलेले, आणि तापवल्यावर त्यांचे मोजके मोठे स्फटिक झाले होते. म्हणजे अणूंच्या रांगा आता लांबपर्यंत सरळ होत्या. धातू तोच, फक्त आता त्याला दिशा होती.

याचा अर्थ मात्र लगेच लागला नाही. १९२६ च्या उन्हाळ्यात डेव्हिसन ऑक्सफर्डच्या एका परिषदेत बसलेला असताना भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नने त्याच्याच जुन्या आकड्यांचा दाखला दिला, की बघा, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द ब्रॉयली म्हणतो तशी इलेक्ट्रॉनची लाट असू शकते. घरी परतून मग मुद्दाम एकच स्फटिक घेऊन प्रयोग केला आणि १९२७ मधे उत्तर मिळालं. ५४ व्होल्टने ढकललेल्या इलेक्ट्रॉनना, ५० अंशाच्या कोनात ठसठशीत झोत. त्यावरून लाटेची लांबी आली ०.१६५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), द ब्रॉयलीचं सूत्र सांगतं ०.१६७.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे. कोन तोच ठेवून नुसता स्फटिक जागच्या जागी फिरवला, तर झोत कमी होतो, वाढतो, परत कमी होतो, आणि पूर्ण एका फेरीत तीनदा उसळतो, दर १२० अंशांनी. कारण त्या पृष्ठावर अणूंची मांडणीच तिहेरी आहे. लाट अणूंच्या रांगांवरून परतताना जिथे शिखरावर शिखर येतं तिथे झोत, बाकी ठिकाणी जवळपास काहीच नाही.

आता आत जाऊ, कारण लाट नुसती परतत नाही, आतूनही जाते. लाकूड रेषांच्या बाजूने एका घावात फुटतं आणि आडवं फोडायला गेलं की दमछाक होते, तसंच ग्राफाइटचं आहे. थरातल्या थरात कार्बनचे शेजारी अणू ०.१४२ नॅनोमीटरवर, पण एका थरापासून दुसरा ०.३३५ वर. म्हणून थराच्या बाजूने इलेक्ट्रॉनची लाट सहज पसरते आणि थर ओलांडताना तीच वीज शेकडो पटींनी कमी वाहते. अशा पदार्थांना अॅनायसोट्रॉपिक म्हणतात, दिशा बदलली की गुण बदलतो.

१९२८ मधे भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉखने दाखवलं की अणूंची रांग अगदी बिनचूक असेल तर लाट अडखळत नाही, अडखळते ती अणूंच्या थरथरण्याने आणि भेसळीने. पण रांगेतून जाताना इलेक्ट्रॉन किती 'जड' वाटतो ते मात्र दिशेवर ठरतं. चिप्स ज्याच्या बनतात त्या सिलिकॉनमधे इलेक्ट्रॉनचे सहा गट असतात, प्रत्येकाची एक मुख्य दिशा असते, आणि त्या दिशेने ढकललं तर इलेक्ट्रॉन मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.९८ पट जड, आडवा ढकलला तर फक्त ०.१९ पट. सहा गट एकत्र धरले की हा फरक एकमेकांत फिटतो, म्हणून साधं सिलिकॉन सगळीकडे सारखंच वाटतं.

मग इंजिनिअर लोकांनी काय केलं, तर स्फटिक किंचित ताणला. ताणल्यावर गटांची बरोबरी मोडते, जास्त इलेक्ट्रॉन अशा गटांत जातात जे वाहण्याच्या दिशेला हलके आहेत, आणि ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला वीज चालू-बंद करणारा बारीक भाग, वेगवान होतो. २००४ च्या सुमारास '९० नॅनोमीटर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिढीच्या चिप्समधे हे ताणलेलं सिलिकॉन बाजारात आलं.