हाडाच्या आतून आलेला आवाज

नमस्कार. आज बोलायचंय ते फोटोअकूस्टिकबद्दल, म्हणजे प्रकाश पाडून हाडातून आवाज काढायचा आणि त्यावरून मणक्यातल्या स्क्रूची वाट शोधायची, ही युक्ती. पाठीच्या ऑपरेशनचं नाव काढलं की घरात पहिलं वाक्य काय येतं तर 'नको रे बाबा, माणूस लुळा पडतो'. या भीतीला हसू नका, कारण मणका फिक्स करताना डॉक्टर स्क्रू घालतात तो पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या पुढच्या-मागच्या भागाला जोडणारा हाडाचा छोटासा पूल, आणि पाठीच्या मधल्या मणक्यांत तो कधीकधी चार-पाच मिलिमीटरच रुंद असतो, म्हणजे स्क्रूएवढाच! आतल्या बाजूला लगेच मज्जारज्जू, खालून नस जाते. आता बोला.

मी एकदा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कोपऱ्यात उभा राहून हे पाहिलंय, अंगावर तो जड लेडचा एप्रन. सर्जन ड्रिल करत नव्हते, हाताने एक बोथट प्रोब ढकलत होते, थोडा ढकलायचा, थांबायचं. मग बारीक गोळीच्या टोकाची तार आत घालून भोकाच्या चारी भिंती आणि तळ चाचपायचा. मध्येच 'शूट' म्हणायचे की सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असतानाच फोटो काढणारं यंत्र) एक एक्स-रे. पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली हो, आणि भिंत फुटली हे हाताला कळतं ते फुटल्यावर.

तर आता फोटोअकूस्टिक. 1880 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (हो, टेलिफोनवालेच) आणि त्यांचे सहकारी टेन्टर यांच्या लक्षात आलं की ऊन तोडतोडून एखाद्या वस्तूवर पाडलं तर वस्तूतून आवाज येतो. प्रकाश शोषला की वस्तू किंचित तापते, फुगते, आणि दाबाची लाट सुटते. आज उन्हाच्या जागी लेसर, काही नॅनोसेकंदांचा झटका. तापमान किती वाढतं? एक अंशाचा हजारावा भाग वाढलं तरी साधारण 800 पास्कल दाब तयार होतो आणि सोनोग्राफीचा प्रोब तो ऐकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश छान शोषतं म्हणून रक्त जिथे जास्त तिथे आवाज जास्त.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये मुयिनातू बेल यांच्या लॅबने हे मणक्यावर लावलं (आडनाव बेलच, योगायोग बघा). साध्या सोनोग्राफीची लाट बाहेरून हाडात जाऊन परत यायला लागते, दोन्ही वेळा हाड तिला खातं. इथे लेसरची बारीक फायबर (प्रकाश वाहून नेणारी तार) अवजारातूनच आत नेता येते, म्हणजे आवाज सुटतो तोच आतून, त्याला फक्त बाहेर यायचंय, निम्मा त्रास वाचला.

आता खरी गंमत. पेडिकलच्या आत स्पंजी हाड, रक्ताने भरलेलं, बाहेर कडक कवच. फायबरचं टोक स्पंजी भागावर असेल तर स्क्रीनवर सिग्नल पसरट, विस्कटलेला येतो, कवचाला भिडलं की आटोपशीर, ठसठशीत ठिपका होतो. मी पहिल्यांदा ती चित्रं बघितली तेव्हा म्हटलं हे काय, डाग पडलेत नुसते! पण तो डाग पसरट असणं म्हणजेच वाट बरोबर आहे. ठिपका होत चालला तर समजायचं भिंत जवळ आली, थांबा, दिशा बदला, आणि हे भिंत फुटायच्या आधी कळतं, माझ्या मते सगळी किंमत याच 'आधी'ची आहे. शिवाय एक्स-रेचं रेडिएशन नाही, म्हणजे रोज ओटीत उभं राहणाऱ्या स्टाफलाही बरं.

हा, लगेच डॉक्टरांकडे मागायला जाऊ नका, हे काम सुटे मणके आणि देहदानातल्या शरीरांवर करून बघितलेलं आहे. जिवंत माणसात रक्त वाहतं, भोकात साचतं, ते स्वतःही आवाज करणार, मग भिंतीचा ठिपका त्यातून वेगळा काढायचा. आणि कवचातून येताना लाट वाकते, कारण हाडात आवाजाचा वेग मऊ भागाच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे ठिपका आहे तिथून जरा सरकून दिसू शकतो. चार मिलिमीटरच्या पुलावर 'जरा' म्हणजे किती ते तुम्हीच बघा.

मागे एक काकू हात वर करून बसल्यात कधीच्या, विचारा काकू.