विल्यम स्टिलची वही

नमस्कार श्रोतेहो.

१८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिथल्या गुलामांना सोडवण्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांना. ही माणसं रोज उठून नेमकं काय करत असतील? सभा-भाषणं तर होतीच. मी आज सांगणार आहे ते एका कारकुनाबद्दल.

विल्यम स्टिल त्याचं नाव. कृष्णवर्णीय, १८ भावंडांतलं शेंडेफळ. १८४७ मध्ये तो फिलाडेल्फियात, गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत लागला. शेजारच्या मेरीलँड राज्यात गुलामगिरी होती, इथं नव्हती. त्यामुळे दक्षिणेतून निसटलेली माणसं या शहरात येऊन थडकायची. कुणी रात्रीचं चालत, कुणी जहाजात दडून. त्यांना जेवण, कपडे, रात्रीचा आसरा आणि पुढं कॅनडाकडं जायची सोय, हे सगळं या कचेरीनं बघायचं.

काम किती साधं असायचं बघा. डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनचा थॉमस गॅरेट हा लोखंडाचा व्यापारी वाटेतला मोठा आधार. डिसेंबर १८५४ मध्ये त्यानं फिलाडेल्फियाला कळवलं, की हॅरिएट टबमन, म्हणजे स्वतः गुलामीतून पळालेली आणि परत जाऊन इतरांना सोडवून आणणारी बाई, काही जणांना घेऊन आली होती. तिच्या आणि आणखी एकाच्या पायांतले जोडे चालून चालून पार झिजले होते, म्हणून जोड्यांसाठी दोन डॉलर दिले. इतिहास असा दोन डॉलरच्या हिशेबातही सापडतो.

आणि कधी अगदी अचाट. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या तंबाखूच्या कारखान्यातला गुलाम हेन्री ब्राउन. १८४८ मध्ये त्याची बायको आणि मुलं विकली गेली. पुढच्या मार्चमध्ये त्यानं स्वतःलाच लाकडी पेटीत बंद करून घेतलं आणि पार्सल म्हणून फिलाडेल्फियाला पाठवून घेतलं! पेटी तीन फूट लांब, दोन फूट रुंद. सोबत थोडं पाणी आणि बिस्किटं. ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं होतं, पण हमालांना त्याचं काय? वाटेत बराच वेळ तो डोक्यावर उलटा होता. सुमारे २७ तासांनी कचेरीत झाकण उघडलं. आतून तो उठला आणि जमलेल्यांची विचारपूस केली, “कसे आहात, मंडळी?” झाकण उघडणाऱ्यांत स्टिलही होता. पेटी पाठवायला मदत करणारा गोरा चांभार सॅम्युअल स्मिथ मात्र पुढं आणखी दोघांना तसंच पाठवताना पकडला गेला आणि तुरुंगात गेला.

ऑगस्ट १८५० मध्ये कचेरीत पीटर नावाचा मध्यमवयीन माणूस आला. अलाबामात त्यानं स्वतःची सुटका पैसे देऊन विकत घेतली होती आणि आता लहानपणी दुरावलेल्या आईवडिलांचा माग काढत होता. स्टिल नेहमीसारखं विचारून वहीत लिहून घेऊ लागला. आईचं नाव? वडिलांचं? उत्तरं ऐकता ऐकता त्याचा हात थबकला असणार. समोर त्याचा सख्खा भाऊ बसला होता. आई पळाली तेव्हा मागं राहिलेल्या दोन मुलांपैकी एक.

पीटरची बायको आणि मुलं अजून अलाबामात होती. त्यांना आणायला सेथ कॉंकलिन हा गोरा माणूस गेला. त्यानं त्यांना नदीमार्गे इंडियानापर्यंत आणलंसुद्धा, पण तिथं सगळे पकडले गेले आणि कॉंकलिन बुडून मेला. मग पीटर गावोगाव हिंडला, वर्गणी गोळा केली आणि ५,००० डॉलर मोजून १८५४च्या अखेरीस आपली माणसं विकत घेतली. होय, आपलीच माणसं.

पळालेल्यांना आसरा देणाऱ्याला १८५०च्या कायद्यानं १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. आलेल्यांची माहिती लिहिलेली ही वही कुणाच्या हाती लागली तर किती जण गोत्यात येतील, हे स्टिलला पुरतं ठाऊक होतं. तरी तो लिहीतच राहिला, वह्या लपवून ठेवल्या आणि गुलामगिरी संपल्यावर १८७२ मध्ये छापल्या. दारात आलेल्या प्रत्येकाला त्याचे प्रश्न ठरलेले: जुनं नाव काय, आता कोणतं घेतलंय, मालक कोण होता, मागं कोण कोण राहिलं?