सुताराचं घड्याळ

ही हालचाल आधी नीट बघून घ्या. पितळेचे दोन दांडे, टोकांना जड गोळे. दोन्ही दांडे एकमेकांकडे झुकतात, पुन्हा दूर होतात. लंडनमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेत, काचेच्या पेटीत, जहाजावर वेळ सांगण्यासाठी केलेलं हे घड्याळ चालू आहे. ते तयार झालं १७३५ साली. वजन सुमारे ३४ किलो. घडवणारा होता इंग्लंडच्या खेड्यातला एक सुतार, जॉन हॅरिसन.

दांडे दोन का? जमिनीवरच्या घड्याळात लोलक असतो; जहाज डोललं की त्याची लय बिघडते. इथं लाटेचा धक्का एका दांड्याला जेवढा पुढे लोटतो, तेवढाच दुसऱ्याला मागे ओढतो. हिशेब बरोबर.

आता ही चाकं बघा. लाकडाची आहेत. त्या काळात घड्याळाला घातलेलं तेल थंडीत घट्ट व्हायचं, उन्हात पातळ, आणि वेळ चुकायची. हॅरिसननं तेलच काढून टाकलं. घर्षण होईल तिथं त्यानं लिग्नम व्हायटी हे लाकूड वापरलं. त्यात स्वतःचंच तेल असतं. लाकडाचा हा गुण रंधा मारणाऱ्या हातालाच आधी कळणार.

एवढा खटाटोप कशासाठी? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजलेत हे जहाजावर कळलं, आणि माथ्यावरच्या सूर्यावरून इथली दुपार कळली, की दोन वेळांतल्या फरकावरून रेखांश निघतो. ४ मिनिटं म्हणजे १ अंश. विषुववृत्तावर १११ किलोमीटर. १७०७ साली अंदाज चुकून ब्रिटिश नौदलाची चार जहाजं इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर फुटली. १७१४ साली संसदेनं बक्षीस लावलं: अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगा, २०,००० पौंड घ्या.

हे तिसरं यंत्र. यावर हॅरिसनची १९ वर्षं गेली. कॅमेरा जिथं थांबलाय, तिथं एक बारीक पट्टी दिसते. पितळ आणि पोलाद एकमेकांना रिव्हेटनं जोडलेले. गरम झालं की पितळ जास्त पसरतं, पट्टी वाकते आणि उष्णतेनं बदललेली स्प्रिंगची चाल सावरून घेते. तुमच्या घरातल्या इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो ना, त्यातही अशीच पट्टी असते. तरीही हॅरिसनचं समाधान झालं नाही.

आणि मग हे. चौथं. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत. ओंजळीत मावणारं. सेकंदाला पाच ठोके. आत हिऱ्याचे बारीक तुकडे बसवलेत, झीज होऊ नये म्हणून. १७६१ साली हॅरिसनचा मुलगा विल्यम हे घेऊन जमैकाच्या जहाजावर चढला. घड्याळ रोज किती मागं-पुढं होतं ते आधीच ठरलेलं होतं; तो हिशेब धरून ८१ दिवसांत चूक निघाली जेमतेम पाच सेकंदांची.

अट पुरी झाली होती. पण बक्षिसाचा निर्णय ज्याच्या हाती होता, त्या रेखांश मंडळानं मान्य केलं नाही. मंडळावर खगोलशास्त्रज्ञ होते, आणि चंद्रावरून रेखांश काढायची त्यांची पद्धतही याच शर्यतीत होती. सुताराच्या हातच्या कामाला पुन्हा पुन्हा परीक्षा द्यायला लावली, हे विसरता येत नाही. अर्धे पैसे १७६५ साली मिळाले. उरलेल्यांसाठी राजापर्यंत जावं लागलं. १७७३ साली संसदेनं आणखी ८,७५० पौंड दिले. हॅरिसन तेव्हा ऐंशीचा होता. याच घड्याळाची घड्याळजी लार्कम केंडॉलनं घडवलेली प्रतिकृती दर्यावर्दी कॅप्टन कुकनं दुसऱ्या सफरीत वापरली, आणि पुढं क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं असं अचूक घड्याळ, जगभरच्या जहाजांवर पोचला.

चौथं घड्याळ आता थांबवून ठेवलंय. त्याला तेल लागतं. चालू ठेवलं तर झिजेल.

पहिल्याला तेल लागत नाही. आता थोडा वेळ फक्त त्याचा आवाज ऐका.